मुंग्यांचा खडू

चैत्र सरत आला की आमच्या स्वयंपाकघरात मुंग्या येतात. तारीख ठरलेली नसते, जागा मात्र ठरलेली असते. ओट्याच्या वर, मिक्सरच्या स्विचबोर्डाच्या डाव्या कोपऱ्यातून आधी एक जण बाहेर येते, भिंतीवर उगाच इकडेतिकडे हिंडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवायला जावं तर तिथून साखरेच्या डब्यापर्यंत रांग लागलेली असते. यंदाही लागली. पाडवा होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. मी पातेलं हातात धरून वर बघत उभी राहिले.

मागून बाबा आले. बनियन, खांद्यावर पंचा, चष्मा कपाळावर. "आल्या का?" त्यांनी विचारलं, गावाहून कोणी येणार होतं आणि गाडी वेळेवर पोचली अशा सुरात. मी सवयीनं खालचा खण उघडला. त्यात मुंग्या मारायच्या खडूची पाकिटं अजून पडून आहेत, गेल्या वर्षीची. हात आत जायच्या आधीच बाबा म्हणाले, "राहू दे."

मी खण बंद केला. गेले आठ दिवस हेच चाललंय. मुंग्या येतात, बाबा त्यांच्यासमोर उभं राहून चहा पितात आणि मी साखरेचा डबा फ्रिजमध्ये ठेवते.

सदाशिव पेठेतला उन्हाळा तसा नाकानं ओळखायचा. खालच्या दुकानात आंब्याच्या पेट्या उघडल्या की पेंढ्याचा वास जिना चढून दुसऱ्या मजल्यावर येतो. समोरच्या इमारतीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून बसलेली असतात. अकरा वाजले की ती डोळे चोळत चहाला उतरतात, आणि त्यांच्या बोलण्यातून नागपूर, अमरावती, वाशीम असं सगळं वर येतं. दुपारी रस्ता सामसूम होतो, पडदे तापतात, फरशीवर पाणी मारलं की ते बघता बघता वाळतं. पूर्वी या दिवसांत आमच्या घरात कैऱ्यांचा, गुळाचा आणि वेलदोड्याचा वास असे. आता दोन वर्षांपासून तो नाही. गेल्या वर्षीच्या वैशाखाचा म्हणून जो वास माझ्या डोक्यात बसला आहे तो स्पिरिटचा, खोबरेल तेलाचा आणि त्या खडूचा. खडूला कोरडा, जरासा तिखट वास असतो. हात साबणानं धुतला तरी नखांत राहतो.

आईचं आणि मुंग्यांचं जुनं वैर होतं, पण त्या वैरालाही एक शिस्त होती. काळ्या मुंग्यांना ती फारसं काही करत नसे. "त्या नुसत्या फिरायला आल्यात, जातील," म्हणायची. लाल मुंग्यांना मात्र क्षमा नव्हती. साखरेत लवंगा, फटींत हळद, दुधाचं पातेलं पाण्याच्या ताटलीत. साखरांब्याची बरणी तर पाण्यानं भरलेल्या परातीच्या मधोमध असायची, तळ्यातल्या गणपतीसारखी. इतकं करूनही एखादी परातीच्या काठावर दिसलीच, तर आई कमरेवर हात ठेवून तिला म्हणायची, "या, बसा. चहा टाकू का?" आणि मग ओल्या फडक्यानं तिचा निकाल.

मी लहान असताना दप्तरात लिमलेटची अर्धी गोळी ठेवून विसरले होते. चौथीची परीक्षा चालू होती. सकाळी कंपासपेटी उघडली आणि हाताला कडकडून डसल्या. आईनं बोटांना चुना लावला, पेटी उन्हात धरून झटकली आणि रागावली नाही. फक्त म्हणाली, "घरात मुंगी दिसली ना शुभा, की समजायचं, कोणाचं तरी काहीतरी पुसायचं राहिलंय." मुंगी दिसली की ती काठीनं, चपलेनं मारत बसत नसे. रांगेच्या उलट दिशेनं चालत जाऊन ती राहिलेला डाग शोधायची आणि पुसायची. मला वाटतं, घर सांभाळणं म्हणजे तिच्या लेखी एवढंच होतं.

गेल्या वर्षी होळीच्या आदल्या दिवशी, पुरण शिजत असताना, तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तीन आठवड्यांनी तिला घरी आणलं तेव्हा पाडवा उलटून गेला होता. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी भाड्याचा लोखंडी पलंग लावला, त्यावर हवेची गादी. त्या गादीचा पंप दिवसरात्र घुर्र घुर्र करायचा. नाकात नळी होती. त्या नळीतून दर दोन तासांनी पातळ पेज, फळांचा रस, साखरपाणी. माझं ऑफिस हिंजवडीला. वरिष्ठ भले होते, त्यांनी घरून काम करायची परवानगी दिली. दिवसभर मदतीला यवतमाळकडच्या सुषमाताई येऊ लागल्या.

वाचा परत येईल की नाही, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. एक शब्द मात्र परत आला. एके दिवशी सकाळी तोंड पुसत असताना आई अगदी स्पष्ट म्हणाली, "अहो."

बाबांचं नाव तिनं जन्मात कधी घेतलं नाही. पन्नासहून जास्त वर्षं ती त्यांना 'अहो' म्हणत आली, आणि मेंदूतलं बाकीचं सगळं वाहून गेलं तरी तेवढं तळाशी राहिलं होतं. मग तोच शब्द सगळ्याला. पाणी हवं, अहो. पडदा सरकव, अहो. मी समोर गेले तरी अहो. सुषमाताई हसून म्हणायच्या, "आजी मलेही अहोच म्हणते जी!" डॉक्टर म्हणाले, त्याला अर्थ असेलच असं नाही, शब्द सुटतो फक्त. हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या 'अहो'ला अर्धी दाढी झालेली असताना फेसासकट धावत आले. त्यांना प्रत्येक हाक आपल्यासाठीच आहे याबद्दल शंका नव्हती. टेलिफोन खात्यात उभा जन्म घालवलेला माणूस, घंटी वाजली की उठायचं ही सवयच.

ते तिच्या उशाशी खुर्ची घेऊन बसायचे. गुडघा पलंगाच्या कठड्याला टेकलेला आणि तिचा डावा, चांगला हात हातात. काही बोलायचे नाहीत फारसं. आमच्या घरात प्रेम वगैरे शब्द कोणी वापरल्याचं मला आठवत नाही. पण त्या दिवसांत मी लॅपटॉपवरून मान वर करून दारातून बघितलं की ते दोन हात दिसायचे, आणि मला बरं वाटायचं.

मग वैशाखातली ती दुपार. तिच्याबद्दल मी आजवर कोणाशी बोललेले नाही.

साखरांब्याच्या आदल्या वर्षीच्या बरणीत तळाशी दोन चमचे उरले होते. आईच्या हातचे शेवटचे. बाबांनी ते बोटांनी कुस्करून अगदी मऊ केले आणि तिच्या जिभेवर ठेवले. तोंडानं काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "चव तरी कळू दे तिला," एवढंच त्यांच्या मनात. निम्मं तिनं चोखलं, निम्मं तोंडाच्या वाकड्या झालेल्या कोपऱ्यातून ओघळलं, हनुवटीवरून मानेवर, गाऊनच्या गळ्याखाली. बाबांनी रुमालानं दिसलं तेवढं पुसलं आणि ते औषधांच्या दुकानात डायपर आणायला गेले. सुषमाताई कपडे काढायला गच्चीवर गेल्या. आई सारखा नळीकडे हात न्यायची, म्हणून एकटी ठेवताना तिचा डावा हात मऊ पट्टीनं कठड्याला बांधायचा, हा माझाच नियम. तो सुषमाताईंनी जाताना पाळला.

मी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होते. कानावर हेडफोन होते, तरी ऐकू आलं. "अहो." थोड्या वेळानं पुन्हा. मग लागोपाठ. बाबा आहेत की तिथे, मी मनात म्हटलं. माझी बोलायची पाळी जवळ आली होती. पाच-सहा वेळा तरी ऐकलं मी. नंतर आवाज थांबला, आणि मला वाटलं, बाबा आले असतील.

बाहेर आले तेव्हा खिडकीच्या चौकटीतून लाल मुंग्यांची रांग पलंगाच्या कठड्यावर, तिथून उशीवर, उशीवरून आईच्या मानेत गेली होती. कानामागे, गळ्याच्या वळीत. नुसत्या लालभडक. तिची मान हलत नव्हती. बांधलेल्या हाताची बोटं उघडत होती, मिटत होती. एका डोळ्यातून पाणी कानापर्यंत ओघळलं होतं, तिथेही दोन मुंग्या. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले, पण आता आवाज फुटत नव्हता.

सुषमाताई धावत आल्या. "अगं माय! ताई, पूर्ण मानेले लागल्या जी!" आम्ही दोघींनी ओल्या फडक्यानं मुंग्या काढल्या, गाऊन बदलला, मान धुतली. लाल गांधी उठल्या होत्या, मी मोजल्या नाहीत. तेवढ्यात बाबा जिना चढून आले, हातात पाकीट.

मी त्यांच्यावर ओरडले. इतक्या मोठ्यानं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. "कळत नाही का तुम्हाला? तिला हात हलवता येत नाही, तिच्या अंगावर गोड सांडता आणि फिरायला जाता? मुंग्यांना काय आमंत्रणपत्रिका छापायची राहिली होती?" ते दारातच उभे राहिले, चप्पलही काढली नव्हती. आईच्या मानेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चुकलं माझं."

तिनं सहा वेळा हाक मारली होती आणि मी ती ऐकली होती, हे मी म्हटलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. आज मला कळतं की मी ओरडले ती त्या न बोललेल्या गोष्टीच्या जोरावर. ज्याचा अपराध मोठा, त्याचा आवाज मोठा होतो, निदान माझा झाला.

दुसऱ्या दिवसापासून मी मुंग्यांच्या मागे लागले. ऑफिसात एखाद्या कामाच्या मागे लागावं तशी, यादी करून. पलंगाचे पाय पाण्यात ठेवायचे तर त्याला चाकं, ती वाट्यांत मावेनात. मग आइस्क्रीमचे चार डबे रिकामे करून त्यांत पाय ठेवले. चौकटीच्या फटी पांढऱ्या सिमेंटनं बुजवल्या. बोरिक पावडर, कापूर, व्हिनेगर, सगळं झालं. इमारतीच्या ग्रुपवर उपाय विचारला तर तळमजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, मुंग्या येणं शुभ असतं. मी लिहिलं, मग पाठवून देते तुमच्याकडे. पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला, पेशंटला दोन दिवस दुसरीकडे हलवा. त्यालाही मी चार शब्द ऐकवले. शेवटी मंडईच्या बोळात जाऊन खडू आणला. दहा पाकिटं मागितली तेव्हा दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "मुंग्या मारायच्यात का रस्ता आखायचाय?"

आखलाच मी. रोज सकाळी फरशी पुसून वाळली की पलंगाभोवती चौकोन, खिडकीच्या कट्ट्यावर एक रेघ, भिंतीच्या कडेनं एक. गुडघ्यावर बसून, पट्टी लावल्यासारखी सरळ. रेघेवर कोणी पाय द्यायचा नाही. सुषमाताई नऊवारी वर खोचून टुणकन उडी मारायच्या आणि म्हणायच्या, "लंगडी खेळल्यासारखं वाटते ताई." त्या दिवसांत घरात आम्ही हसलो असू तर तेवढंच.

बाबांच्या खुर्चीचे पाय रेघेवर यायचे. खुर्ची जरा सरकली की रेघ पुसली जायची. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मी खुर्ची उचलून रेघेच्या अलीकडे ठेवली. "थोडे दिवस हं बाबा," मी म्हटलं. त्यांनी लगेच मान्य केलं. साखरांब्यानंतर ते माझं सगळंच लगेच मान्य करत होते. खुर्चीत बसून हात लांब केला तरी आईच्या हातापर्यंत पोचत नव्हता, वीतभर कमी पडायचा. एकदोनदा प्रयत्न केला त्यांनी. मग सोडून दिला. तिकडूनच पेपर वाचून दाखवायचे, निधनवार्तांचं पान गाळून. आई "अहो" म्हणाली की तिथूनच उत्तर द्यायचे, "आहे ना मी. इथेच आहे."

आठवड्याभरात घरात औषधालासुद्धा मुंगी उरली नाही. मला अभिमान वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला. आई बरी होत नव्हती, ते माझ्या हातात नव्हतं. तिची पाठ सोलवटत होती, वजन उतरत होतं, डोळे दिवसेंदिवस लांब कुठेतरी लागत होते. निदान मुंग्या मी जिंकल्या होत्या. माणसाला काहीतरी जिंकायचं असतं. त्या चौकोनात मी आईला इतकं नीट ठेवलं की तिच्यापर्यंत काहीच पोचेना. बाबांचा हात पोचेना हे मला दिसत होतं, पण मी ते दुखणं थोड्या दिवसांचं धरलं होतं.

थोडे दिवसच होते ते. ज्येष्ठ लागला आणि पहिल्याच आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, आई "अहो" म्हणाली. रोजच्यापेक्षा हळू. मी स्वयंपाकघराच्या दारात पेज गाळत होते. बाबा उठले. त्या हाकेत त्यांना काही वेगळं कळलं असावं, कारण ते नुसतं "आहे मी" म्हणाले नाहीत. ते रेघेपाशी गेले. थांबले. चपला काढल्या, भिंतीला हात टेकला, एक पाय उंच उचलला आणि रेघ पुसली जाऊ नये म्हणून पलीकडे जपून ठेवला. मग दुसरा. ब्याऐंशी वर्षांचे गुडघे ते. डबक्यातून चालल्यासारखे ते पलंगाशी पोचले आणि त्यांनी तिचा हात धरला. तोवर ती गेली होती.

दोन पावलांचं अंतर होतं. कठड्याला गुडघा टेकून बसले असते तर हात हातातच असता. हे मी दारात उभी राहून बघितलं, गाळणं हातात तसंच धरून.

शनिवार पेठेतून कुमुदआत्या आली. बाबांची धाकटी बहीण, कोणाच्या घरी काहीही झालं तरी काय करायचं ते तिला विचारायचं. आमच्याकडे एक रीत आहे. माणूस गेलेल्या जागी ताटात तांदळाचं पीठ पसरायचं, वर टोपली पालथी घालायची, शेजारी दिवा तेवत ठेवायचा. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून आल्यावर टोपली उचलायची. पिठावर जो ठसा दिसेल त्यावरून समजायचं, गेलेलं माणूस पुढे कुठल्या जन्माला गेलं. पक्ष्याचा पाय, गाईचं खूर, काहीही. बाबांनी अशा गोष्टींत कधी लक्ष घातलं नव्हतं. या वेळी पीठ त्यांनी स्वतः चाळलं, आधी चाळणीनं आणि मग पंच्यातून. वाटीच्या बुडानं फिरवून ते ताटात सारखं केलं, एक खळगा राहू दिला नाही.

"पक्ष्याचा पाय ओळखू येतो का गं?" त्यांनी आत्याला विचारलं.

"पक्ष्याच्या पायासारखा दिसतो," आत्या म्हणाली.

"आणि एकदम बारीक काही असलं तर?"

"बारीक म्हणजे?"

"म्हणजे... मुंगीबिंगी."

आत्यानं त्यांच्याकडे बघितलं. "दादा, जे असेल ते दिसेल. तू जरा पड बघू."

पलंग त्याच दिवशी परत गेला होता. त्या रिकाम्या जागी ताट, टोपली आणि दिवा. संध्याकाळी सगळे आतल्या खोलीत असताना मी एकटीच तिथे उभी राहिले. जुना चौकोन फरशीवर अजून पुसट दिसत होता. मी खणातून खडू आणला, गुडघ्यावर बसले आणि ताटाभोवती रेघ ओढली. का, ते मला सांगता येणार नाही. महिनाभर रोज केलेलं काम हातानं आपोआप केलं, हे एक. आणि दुसरं असं की मला खरंच वाटलं, आता तरी हिच्या जवळ येऊ नका. तिथे ती नव्हती, ताटात पीठ होतं, हे मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अस्थींसाठी निघायच्या आधी दिव्यात तेल घालायला गेले. रेघेच्या बाहेरच्या बाजूला, ताटाच्या दिशेला तोंड करून, तीन लाल मुंग्या पडल्या होत्या. दोन आखडून गेल्या होत्या. तिसरी एक पाय ओढत गोल फिरत होती. कितीतरी दिवसांत घरात एकही दिसली नव्हती, या कुठून आल्या देव जाणे. मी वर्तमानपत्राच्या कपट्यानं तिघींना उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. कपट्यानं उचलेपर्यंत माझ्या मनात काहीसुद्धा नव्हतं. मग ओल्या फडक्यानं रेघही पुसून टाकली. आत्या बघेल तर काय म्हणेल, एवढाच विचार होता.

परत आल्यावर आत्यानं टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं होतं, वाटीच्या बुडाच्या वळणांसकट. बाबा वाकले. चष्मा पुसला, पुन्हा वाकले. मला मोबाइलची बॅटरी लावायला सांगितली आणि ताट उजेडाकडे तिरकं करून बघितलं.

"काहीच नाही?"

"चांगलं असतं ते दादा. सुटली म्हणायचं."

"सुटली?"

"मोकळी झाली. पुन्हा जन्म नाही, यातायात नाही."

बाबांनी ताट हळूच खाली ठेवलं. मग ताटाकडेच बघत म्हणाले, "यायचंच नसेल तिला. माझ्यामुळे चावल्या ना. रुसूनच गेली."

आत्या म्हणाली, "काहीतरीच काय!" आणि पीठ वाहत्या पाण्यात सोडायचं म्हणून ताट घेऊन गेली. मी उभी होते. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. पण त्या वाक्याला लागून ओढला गेलेला तो कागदाचा कपटा मला दिसत होता, आणि माझी जीभ उचलली गेली नाही.

जन्म-पुनर्जन्म मी मानत नाही. कोणी विचारलं तर आजही तेच सांगेन. पण न मानणाऱ्या माणसालासुद्धा काही चित्रं सोडत नाहीत. पावसाळाभर, दिवाळीत, थंडीत स्वेटर काढताना, कधीही, ती गोल फिरणारी तिसरी मुंगी मला दिसायची. मी स्वतःला समजावायचे की अगं, ती मुंगी होती, घराघरांत रोज शेकड्यांनी मरतात. पटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसायची.

बाबा वर्षभर तसे नीट राहिले. वेळेवर जेवले, वेळेवर फिरायला गेले. फक्त आईविषयी बोलेनासे झाले. रुसलेल्या माणसाचं नाव काढू नये, तसं. माझी एक मैत्रीण समाचाराला आली आणि म्हणाली, काकूंनी काकांवर किती जीव लावला. बाबा उठून आत गेले. या चैत्रात मी कैऱ्या आणायचा विषय काढला तर म्हणाले, "नको. आपल्याला काय करायच्यात." वर्षश्राद्ध आता महिन्यावर आलं आहे. आत्यानं पिंडाला कावळा शिवण्याबद्दल काही म्हटलं तेव्हा ते फोनवर शांतपणे म्हणाले, "नाही शिवायचा. ती काही माझ्या हातचं घ्यायची नाही." मला ते सहन झालं नाही.

आणि आता या मुंग्या. मारायच्या नाहीत. रोज सकाळी बाबा भिंतीसमोर उभे राहतात आणि कट्ट्यावर चिमूटभर साखर ठेवतात. रांगेतली एखादी वाट सोडून त्यांच्या बोटाकडे येते का, ते बघत असतात. येत नाही. सगळ्या साखरेकडे जातात आणि आपापल्या परत जातात. बाबा थोडा वेळ बोट तसंच टेकवून ठेवतात आणि मग काढून घेतात. आठ दिवस मी हे बघत होते. आज सकाळी त्यांनी बोट काढलं, पंच्याला पुसलं आणि स्वतःशीच म्हणाले, "नाही."

मी गॅस बारीक केला. "बाबा, त्या ताटाभोवती मी खडू ओढला होता."

"कुठल्या ताटाभोवती?"

"पिठाच्या. आई गेली त्या संध्याकाळी. सवयीनं. त्यामुळे काही उमटणं शक्यच नव्हतं. नंतर मी रेघ पुसून टाकली, म्हणून तुम्हाला कोणाला दिसली नाही."

ते वळले. रागावतील असं वाटलं होतं, रागवावं असंही वाटत होतं. त्यांनी ओट्याला हात टेकला. डोळे माझ्यावर होते, पण ते मनात कसला तरी हिशोब पुन्हा मांडत असावेत.

"म्हणजे रुसली नव्हती."

"नाही बाबा."

"आली असेल."

"असेल."

"रेघेपर्यंत आली असेल." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मग काय करतात गं त्या? रेघ लागली की? परत फिरतात ना?"

डॉक्टरांकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत होते. चहा उकळून वर आला होता.

"हो," मी म्हटलं. "परत फिरतात."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि हसले. वर्षभरात पहिल्यांदा. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि चहा गाळायला घेतला.